तेलाच्या भिंतीतील दारे

मार्व्याच्या धक्क्यावरून तरीने पलीकडे मनोरीस जाणाऱ्या मनुष्यास वैशाखात आणि श्रावणात दोन निरनिराळ्या खाड्या दिसतात. वैशाखातील भरतीचे पाणी निव्वळ समुद्राचे. अंगावर उडून वाळले की मिठाचे पांढरे पूट धरणारे. श्रावणात तेच पाणी गढूळ आणि तांबूस होते. तुळशी तलावाच्या बाजूने डोंगरातून निघालेली दहिसर नदी या खाडीस मिळते, आणि पावसाची झड लागली की तिच्याबरोबर उपनगरांतील पाणीही खाडीत लोटते. त्या पाण्यातून आणखी काय काय येते त्याची मोजदाद येथे न केलेली बरी. ओहोटीच्या वेळी खाडीच्या आतल्या अंगास पाण्याचा खारटपणा पुष्कळ उतरतो आणि पुढच्या भरतीस तो पुन्हा चढतो. तिवरांच्या मुळांशी चिखलात बीळ करून राहणाऱ्या चिंबोरीस ही चढउतार निमूटपणे सोसावी लागते. कोळणीच्या पाटीत नांग्या बांधून ठेवलेली चिंबोरी दिसली की गिऱ्हाईक तिचे वजन पाहते, ती भरलेली आहे की पोकळ याची चौकशी करते. पण पाण्याचा गुण असा घटकेघटकेस पालटत असता ती जगली कशी, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

तो प्रश्न दिसतो तितका साधा नाही. एका लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भर समुद्रात असताना चिंबोरीचे रक्त जवळजवळ समुद्राइतकेच खारट असल्यामुळे तिला विशेष कष्ट पडत नाहीत. परंतु बाहेरचे पाणी गोडसर झाले की रक्तातील मीठ बाहेर पाझरू लागते आणि बाहेरचे पाणी आत शिरू लागते. ही गळती भरून काढावयाची तर थोड्या मिठाच्या पाण्यातून मीठ उचलून ते अधिक मिठाच्या रक्तात घालावयाचे, म्हणजे उतारावरून पाणी वर चढवावयाचे, असे काम तिला अहोरात्र करावे लागते. त्याच खाडीत पोहणाऱ्या बोयीची अडचण भरसमुद्रात नेमकी उलट असते. माशाचे रक्त समुद्राच्या सुमारे एकतृतीयांश खारट. म्हणून त्यास मीठ बाहेर फेकावे लागते. दोघांचेही हे काम मुख्यतः कल्ल्यांत चालते.

याच मनोरीस समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना उभारण्याचे मुंबई महानगरपालिकेने योजिले आहे. आरंभी प्रतिदिनी २० कोटी लिटर आणि पुढे ४० कोटी लिटर पाणी त्यातून मिळावे अशी ती योजना. अशा कारखान्यात कृत्रिम पापुद्र्यावर वातावरणाच्या पन्नास-साठ पट दाब देऊन पाणी पलीकडे दाबून काढतात आणि मीठ मागे ठेवतात. दर हजार लिटरांस साधारण तीन-चार युनिटे वीज खर्च होते. चिंबोरीच्या कल्ल्यातही पापुद्राच असतो, पण तिचा मार्ग निराळा. ती दाब देत नाही. तिच्या पापुद्र्यात दारे आहेत, आणि प्रत्येक दारावर जणू एक हमाल बसविलेला आहे.

हा हमाल म्हणजे एक प्रथिन. शास्त्रज्ञ त्यास सोडियम-पोटॅशियम पंप म्हणतात. एटीपी नावाच्या इंधनाचा एक कण खर्चून तो सोडियमचे तीन आयन पेशीबाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आयन आत घेतो. कल्ल्यातील पेशीच्या रक्ताकडील भिंतीत हे पंप दाटीने बसलेले असतात, आणि त्यांच्या ओढीवर मिठाची पुढची सारी वाहतूक चालते. चिंबोरीपुरतीच ही व्यवस्था आहे असे मात्र कोणी समजू नये. मनुष्याच्या मज्जातंतूंत, मूत्रपिंडांत, हृदयात, किंबहुना त्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हाच पंप आहे, आणि स्वस्थ पडलेल्या मनुष्याच्या शरीरात खर्च होणाऱ्या शक्तीपैकी पाचवा हिस्सा, कदाचित त्याहूनही थोडा अधिक, एवढ्या एकाच कामी लागतो.

आता भिंत आणि दार हे शब्द वापरले की मनात एक चित्र उभे राहते. भिंत विटांची, दार सुताराने अन्यत्र घडवून आणून तीत बसविलेले. भिंतीस चुना लावला काय किंवा गेरू लावला काय, दाराच्या बिजागरीस त्याची वार्ताही नसते. पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांनी हे चित्र पुष्कळ वर्षे पोसले: मध्यभागी रंगीत, सुबक प्रथिन आणि त्याच्या दोन्ही बाजूंस एकसारखे राखाडी ठिपके. ते राखाडी ठिपके म्हणजे पेशीपटलातील मेद. ते केवळ जागा भरण्यासाठी काढलेले असतात अशी विद्यार्थ्याची समजूत झाली तर त्यात त्याचा दोष नाही. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. भिंतीचे तेल बदलले की दार जड होते, कधी अजिबात अडते, आणि एका प्रसिद्ध प्रयोगात तर ते अर्धे उलटे बसलेले आढळले.

गंमत अशी की या पंपाचा शोधच मुळी तेलाचा विचार करताना लागला. डेन्मार्कमधील आर्हूस येथील येन्स स्कौ हे शिक्षणाने डॉक्टर. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचा बधिर करणारी औषधे मज्जातंतूचे कार्य कसे थांबवितात, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पाण्यावर मेदाचा एकपदरी तवंग पसरून त्यात ही औषधे कितपत घुसतात ते त्यांनी मोजले. औषध तवंगात घुसले की तेथे दाटी होते. त्या दाटीमुळे मज्जातंतूच्या भिंतीतील एखाद्या प्रथिनास आपला आकार पालटण्यास अवकाश उरत नसावा, असा त्यांचा कयास होता. तो पडताळून पाहावयाचा तर भिंतीतच राहणारे एखादे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणारे प्रथिन, हाती हवे. १९५३ मध्ये अमेरिकेतील वुड्स होल येथे असताना त्यांनी माकूलाच्या जाड मज्जातंतूंवरील प्रयोग पाहिले होते; परंतु आर्हूसच्या किनाऱ्यावर तसे माकूल कोठून आणावे? खेकडे मात्र वाटेल तेवढे मिळत. खेकड्यांच्या पायांतील मज्जातंतू कुटून त्यांच्या भिंतींचे तुकडे त्यांनी वेगळे केले, आणि त्या तुकड्यांत सोडियम व पोटॅशियम ही दोन्ही असतील तेव्हाच एटीपीचे विघटन झपाट्याने करणारे विकर त्यांना सापडले. १९५७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळावयास १९९७ साल उजाडले. बधिर करणाऱ्या औषधांचा मूळ प्रश्न मध्येच बाजूस राहिला.

तेलाचा तवंग ही वस्तू क्षुल्लक दिसते. मनोरीच्या धक्क्याशी होडीच्या यंत्रातून डिझेलचे दोन थेंब गळले की पाण्यावर सप्तरंगी पट्टा पसरतो, तो किती दूर जातो याचे पाहणारास आश्चर्य वाटते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यावर चहाचा एक चमचा तेल ओतले, तेव्हा सुमारे अर्ध्या एकराचे, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस गुंठ्यांचे, पाणी आरशासारखे शांत झाले. ही हकीकत १७७४ मध्ये छापली गेली. १९२५ मध्ये हॉलंडातील गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातील तांबड्या पेशींचा मेद काढून पाण्यावर असाच पसरला आणि त्याने व्यापिलेली जागा मोजली. ती पेशींच्या एकंदर पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. यावरून पेशीची भिंत मेदाच्या दोन पदरांची असते असा निष्कर्ष त्यांनी काढिला. पुढे असे कळून आले की त्यांच्या हातून सर्व मेद निघालाच नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन चुका एकमेकींस छेदून गेल्या आणि उत्तर बरोबर आले. शास्त्राच्या इतिहासात नशिबालाही थोडी जागा आहे.

या दुपदरी पटलाची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या हिश्शाइतकी. प्रत्येक मेदकणास पाण्याची आवड असलेले एक डोके आणि पाण्याचा तिटकारा असलेली दोन शेपटे असतात. डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, शेपटे मधोमध एकमेकांकडे वळलेली, अशी त्यांची मांडणी. १९७२ मध्ये सिंगर आणि निकल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी असे मांडले की हे पटल घट्ट नसून पातळ आहे आणि प्रथिने त्यात तरंगत असतात.

पातळ म्हणजे किती पातळ, हे समजण्यास स्वयंपाकघरातील फडताळ पुरे. हिवाळ्यात पहाटे खोबरेलाची बाटली उघडली तर तेल गोठून पांढरे झालेले असते. शेजारची करडईच्या तेलाची बरणी मात्र जशीच्या तशी पातळ. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते. त्याच्या मेदाची शेपटे सरळ, म्हणून ती गंजीतील काड्यांप्रमाणे एकमेकींस चिकटून बसतात. करडईच्या तेलातील शेपटांस मध्येच द्विबंधाचा बाक असतो. वाकड्या काड्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही. पेशी हीच युक्ती योजिते. १९७४ मध्ये सिनेन्स्की यांनी दाखविले की जंतू निरनिराळ्या उष्णतेत वाढविले तर ते आपल्या पटलातील सरळ आणि वाकड्या शेपटांचे प्रमाण असे बदलतात की पटलाचा पातळपणा जवळजवळ तोच राहतो. थंड समुद्रांतील माशांच्या तेलात बाक असलेली शेपटे विपुल असतात त्याचे एक कारण हेच. मनोरीच्या समुद्रात थंडीचा तसा कडाका नाही. येथील जीवांस उष्णतेपेक्षा खारटपणाचा जाच अधिक.

कोणी म्हणेल, पातळपणा राखला म्हणजे झाले. दारास आणखी काय हवे? सोडियम-पोटॅशियम पंपाच्या अभ्यासाने याचे जे उत्तर दिले ते चकित करणारे आहे. प्रथिनाचा अभ्यास करावयाचा तर ते भिंतीतून सोडवून घ्यावे लागते, आणि तेलात रुतलेली वस्तू सोडविण्यास साबणासारख्या द्रव्यावाचून उपाय नाही. साबण जपून लावला तर प्रथिन काही मेदकण अंगाशी बाळगून बाहेर येते आणि पाण्यातही काम करते. साबण थोडा अधिक झाला की अंगचे मेदकण धुऊन जातात, आणि मग एकही दुवा न तुटलेले, रासायनिक दृष्ट्या संपूर्ण असे ते प्रथिन निपचित पडते. साखळी अभंग आहे, पण पंप मेला आहे. मेद परत दिला, आणि फार उशीर झाला नसेल, तर तो पुन्हा चालू होतो.

कोणताही मेद चालत नाही, हेही यातूनच कळले. शेपटे आखूड असली तर पटल पातळ पडते आणि प्रथिनाचा तेलप्रिय कमरपट्टा पाण्यात उघडा पडू लागतो. शेपटे फार लांब असली तर तोच पट्टा तेलात बुडून जातो. मध्येच कोठे तरी, साधारण वीस-बावीस कार्बनांच्या शेपटांपाशी, पंपाचा वेग सर्वांत अधिक भरतो. आणि पटलात कोलेस्टेरॉल मिसळले तर त्याहून आखूड शेपटांवरही काम भागते, कारण कोलेस्टेरॉल शेपटांना ताठ करून पटल थोडे जाड करते. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत स्टीवन कार्लिश आणि त्यांचे सहकारी यांनी शुद्ध केलेल्या पंपावर आणखी बारकाईने प्रयोग केले. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा ऋणभारित मेद आणि कोलेस्टेरॉल ही जोडी पंपास टिकाव देते. ती नसेल तर पंप विसकटतो. दुसऱ्या एका जातीचा, पुष्कळ बाक असलेल्या शेपटांचा मेद त्याचा वेग वाढवितो. तिसऱ्या प्रकारचे मेद त्यास रोखतात. म्हणजे एकाच प्रथिनाच्या अंगावर निरनिराळ्या मेदांसाठी निरनिराळ्या जागा राखून ठेवलेल्या आहेत.

त्या जागांपैकी एक प्रत्यक्ष दिसलीही. मुशीच्या कुळातील काही माशांस शेपटीकडच्या भागात मीठ बाहेर टाकणारी एक ग्रंथी असते आणि तीत हा पंप खच्चून भरलेला असतो. त्यापासून मिळविलेल्या पंपाचे स्फटिक करून जपानमधील तोयोशिमा यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली. प्रथिनाच्या दोन घटकांमधील एका खाचेत कोलेस्टेरॉलचा कण बसलेला आढळला. स्फटिक करण्याच्या साऱ्या खटाटोपातूनही त्याने आपली जागा सोडली नव्हती.

येथवर जे सांगितले ते तयार दाराच्या चालण्याविषयी. ते दार घडते कसे, हा त्याहून खोल प्रश्न आहे. प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची लांब साखळी, आणि ती विशिष्ट तऱ्हेने दुमडली तरच कामाची. ही घडी कोण घालतो? अमेरिकेतील ख्रिश्चन ॲन्फिन्सेन यांनी दाखवून दिले की साखळीतील आम्लांचा क्रम हाच घडी ठरवितो. उलगडलेले प्रथिन योग्य पाण्यात सोडले तर ते आपण होऊन पूर्ववत दुमडते. सुताराची जरुरी नाही. त्यांना १९७२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि तो सिद्धान्त सर्वमान्य झाला. परंतु त्यांनी वापरलेले प्रथिन पाण्यात राहणारे होते. तेलात राहणाऱ्या प्रथिनांची घडी पाहण्याचे साधनच तेव्हा फारसे नव्हते.

पटलातील प्रथिनाची साखळी कापडावरील धावदोऱ्यासारखी असते. एक टाका पटलातून खाली, एक वर, पुन्हा खाली. प्रत्येक टाका तेलातून जातो आणि टाक्यांमधील दोरा आळीपाळीने आतल्या व बाहेरच्या पाण्यात राहतो. पहिला टाका वरून घातला की खालून, यावर सारी शिवण अवलंबून. १९८६ मध्ये स्वीडनचे गुन्नार फॉन हाइने यांनी एक नियम शोधून काढला: दोऱ्याच्या ज्या भागावर धनभार अधिक, तो बहुधा पेशीच्या आतल्या बाजूस राहतो. नियम उपयुक्त ठरला, आणि त्यामुळे शिवणीचा नकाशा साखळीतच लिहिलेला आहे ही समजूत आणखी दृढ झाली.

तिला धक्का दिला टेक्सासमधील ह्यूस्टन येथील विल्यम डाउहन यांच्या प्रयोगशाळेने. मनुष्याच्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूच्या पटलातील मेदापैकी सुमारे सत्तर टक्के किंवा अधिक भाग फॉस्फॅटिडिलइथेनोलामीन या एकाच मेदाचा असतो. लांब नाव टाळून त्यास येथे ‘मुख्य मेद’ म्हणू. १९९१ मध्ये या प्रयोगशाळेने असा जंतू तयार केल्याचे प्रसिद्ध केले की ज्यास हा मेद करताच येत नाही. आहारात मॅग्नेशियमसारखे क्षार भरपूर दिले तर हा अपंग जंतू जगे. त्याच्या भिंतीत दुधातील साखर आत घेणारे एक प्रथिन आहे; त्याची साखळी पटलातून बारा वेळा आरपार जाते. मुख्य मेद नसलेल्या जंतूत हे प्रथिन नेहमीप्रमाणे तयार होत होते आणि भिंतीत बसतही होते. बाहेर साखर अधिक असेल तर ती उताराने आत सोडण्याचे कामही ते करी. पण थोडी साखर असता ती चढावर ओढून आत साठविण्याचे त्याचे खरे काम बंद पडले होते. भुकेच्या दिवसांत जंतूस जे काम हवे, नेमके तेच.

कारण शोधताना निघालेली गोष्ट अशी, की शिवणीचा पहिला अर्धा भाग उलटा बसला होता. पहिले सहा टाके आतले बाहेर आणि बाहेरचे आत असे झाले होते. सातवा टाका पटलातून सुटून बाहेर आला होता आणि त्याने मधल्या बिजागरीचे काम पत्करले होते. उरलेले टाके मात्र आपल्या जागी होते. साखळीतील आम्लांचा क्रम एका अक्षरानेही बदललेला नव्हता. बदलले होते ते फक्त भोवतीचे तेल. १९९६ मध्ये डाउहन, मिखाइल बोग्दानोव आणि त्यांचे सहकारी यांनी मेद हा प्रथिनाच्या घडीचा सांभाळ करणारा ठरतो असे लिहिले, आणि टाक्यांची ही उलटापालट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली.

पुढचा प्रयोग याहूनही विलक्षण. प्रथिन उलटे बसून चुकल्यावर त्याच जंतूस मुख्य मेद करण्याची शक्ती परत दिली, तेव्हा पुष्कळशी प्रथिने भिंतीत असतानाच फिरून सुलटी झाली. एवढे सहा टाके तेलातून ओढून उलटविण्यास पेशीतील एखादी यंत्रणा लागत असावी, अशी शंका कोणासही येईल. तिचे निरसन २०१५ मध्ये झाले. जिवंत पेशी नाही, इतर कोणतेही प्रथिन नाही. फक्त शुद्ध प्रथिन आणि शुद्ध मेदाचे सूक्ष्म फुगे. त्या फुग्यांत मेदाचे मिश्रण बदलताच प्रथिनाचे टाके काही सेकंदांत पलटू लागले. यामागील कारण विद्युतभाराच्या हिशेबात आहे. साखळीवर धनभाराबरोबर ऋणभारही असतो. पटलात ऋणभारित मेदच दाटला तर धनभारांची ओढ आणि ऋणभारांचे ढकलणे यांचा मूळचा तोल बिघडतो. मुख्य मेदावर एकंदर भार नसल्यामुळे तो मध्ये मिसळून हा ताण सौम्य करितो. ॲन्फिन्सेन यांचा सिद्धान्त याने खोटा ठरला असे म्हणणे अतिरेकाचे होईल. साखळीत मजकूर लिहिलेला आहेच. पण तो कोणत्या तेलात वाचला जातो यावर त्याचा अर्थ ठरतो, एवढी पुस्ती त्यास जोडावी लागली.

हे सर्व जंतूंचे आणि माशांचे झाले. मनुष्याच्या शरीराशी याचा संबंध कोठे येतो, हे दाखविणारे काही महत्त्वाचे काम आपल्याकडेच झालेले आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या गटाने रोगजंतू गिळणाऱ्या पेशी अभ्यासिल्या. गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो आणि ती पिशवी पेशीच्या पाचनस्थानाकडे ओढून नेली जाते. ओढणारी प्रथिने पिशवीच्या भिंतीवर विखुरलेली असली तर त्यांचा जोर पडत नाही. भिंतीत कोलेस्टेरॉलची बेटे तयार झाली की ती त्यांवर एकवटतात आणि रस्सीखेचीतील गड्यांप्रमाणे एका दमात ओढतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात असेही आढळले की काळा आजार उत्पन्न करणाऱ्या परोपजीवीच्या अंगावरील एक द्रव्य हे कोंडाळे फोडते आणि पिशवीची ही वाटचाल थांबविते. शत्रूने प्रथिनास हात लावला नाही; त्याच्या पायाखालची जमीन तेवढी काढून घेतली.

दुसरे काम हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील. मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याचा निरोप स्वीकारणारे एक प्रथिन मज्जापेशींच्या पटलात असते. मनाची उदासीनता, चिंता, झोप या सर्वांशी त्याचा संबंध आहे. अमिताभ चट्टोपाध्याय आणि त्यांचे तेव्हाचे शिष्य, पुढे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत गेलेले थॉमस पुकाडिल, यांनी २००४ मध्ये दाखविले की गाईबैलांच्या मेंदूतील पटलांतून कोलेस्टेरॉल काढून घेतले तर हे प्रथिन निरोप नीट धरीत नाही. ते परत दिले की धरू लागते. कोलेस्टेरॉल हा शब्द निघाला की सुशिक्षित घरांतून हल्ली तूप मागे सारले जाते. रक्तवाहिन्यांच्या संबंधात ते युक्तही असेल. परंतु मेंदूच्या पेशीस कोलेस्टेरॉल ही चैनीची वस्तू नाही.

याचा कठोर पुरावा काही थोड्या दुर्दैवी बालकांच्या रूपाने मिळतो. स्मिथ, लेम्ली आणि ओपिट्झ या डॉक्टरांनी १९६४ मध्ये एका जन्मजात विकाराचे वर्णन केले. अशा मुलांचे डोके लहान, बोटे कधी जुळलेली, बुद्धीची वाढ खुंटलेली, झोप अस्वस्थ. विकाराचे मूळ १९९३ मध्ये सापडले. शरीर कोलेस्टेरॉल पायरीपायरीने तयार करते. या मुलांत शेवटची एक पायरी चढविणारे विकर सदोष असते. त्यामुळे कोलेस्टेरॉल कमी पडते आणि अगोदरच्या पायरीवरील द्रव्य साठत राहते. हे द्रव्य परके नव्हे. आपल्या सर्वांच्या त्वचेत ते असते आणि उन्हात त्यापासूनच ड जीवनसत्त्व होते. कोलेस्टेरॉलात आणि त्यात भेद एका द्विबंधाचा. कागदावर दोन्हींच्या आकृत्या शेजारी शेजारी काढल्या तर एका जादा रेघेपलीकडे फरक दिसत नाही. पटलाचा पातळपणा राखण्यापुरतेच कोलेस्टेरॉल लागत असते, तर या भावंडाने ती उणीव भरून काढावयास हरकत नव्हती. हैदराबादच्या त्याच प्रयोगशाळेने २००७ मध्ये हीच अदलाबदल करून पाहिली. सेरोटोनिनच्या प्रथिनाभोवतीचे कोलेस्टेरॉल घटवून एकदा कोलेस्टेरॉलच परत दिले, एकदा त्याचे हे भावंड दिले. पहिल्याने प्रथिन सावरले; दुसऱ्याने सावरले नाही.

या मुलांस आहारातून कोलेस्टेरॉल देण्याचा उपाय केला जातो, आणि त्याने त्यांच्या अंगाच्या वाढीस काही मदत होते. मेंदूस मात्र त्याचा लाभ पोचत नाही. रक्तातील कोलेस्टेरॉल मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा अडसर ओलांडून आत जात नाही. मेंदू आपले कोलेस्टेरॉल गर्भावस्थेपासून आपणच तयार करीत असतो, आणि नेमकी तेथलीच शेवटची पायरी या मुलांत सदोष असते.